माळ राहू दे गळ्यात

पत्र असं आहे:

‘डॉक्टरबाई, आम्ही मालवणजवळच्या एका वाडीत राहतो. मिस्टर मुंबईला असतात, गणपतीला आणि मे महिन्यात येतात. सासूबाई ६४ वर्षांच्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी माळ घातली, तेव्हापासून मासे-अंडी बंद. शुगरची मेटफॉर्मिन गोळी अकरा वर्षं चालू आहे, गॅसची गोळी चार वर्षं रोज सकाळी. गेल्या गणपतीपासून त्यांना दम लागतो. रक्त कमी म्हणून तीन महिने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. बीट, डाळिंब, खजूर, गूळ सगळं केलं. हिमोग्लोबिन ८.१ होतं ते ७.४ झालं. रंग पिवळट दिसतो म्हणून शेजारच्या काकी कावीळ म्हणाल्या आणि झाडपाला दिला. पायाला मुंग्या येतात, चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना कळत नाही. न्हाणीघरात तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. जीभ लाल गुळगुळीत, सोलकढीसुद्धा झोंबते. विचारलं तर म्हणतात, “माका काय्येक जावक नाय, वय झाला आता.” दीर म्हणतात देवाला गाऱ्हाणं घालूया. नणंद म्हणते सुकटीची पूड आमटीत घाल, त्यांना कळायचं नाही. मी काय करू? गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात नेऊ का? रिपोर्टचा फोटो सोबत आहे. धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे, घरात सगळं एकट्यानेच बघावं लागतं.’

ताई,

आधी सुकटीचं बोलू. ते करू नका. तुमच्या नणंदेचा हेतू वाईट नाही. बंदीचे दिवस आहेत, जुलै संपेपर्यंत होड्या किनाऱ्याला, म्हणून ताज्या मासळीऐवजी सुकट आठवली असेल. पण ज्या बाईने नऊ वर्षं एक नेम पाळला, तिच्या ताटात तो तिच्या नकळत मोडायचा आणि पुढे कधी कळलं की तिने तुमच्या हातचं पाणीसुद्धा शंका घेऊन प्यायचं, हे कुठल्या आजारावरचं औषध झालं? आणि समजा केलंत तरी उपयोग होणार नाही. का, ते सांगते, कारण सगळा उलगडा तिथेच आहे.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती कुणीतरी लाल पेनाने गोल केलाय. त्याच्या तीन-चार ओळी खाली एम.सी.व्ही. लिहिलंय, ११४. त्याला गोल नाही. हा आकडा म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ८० ते १०० च्या आत असावं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, हा आकडा ८० च्या खाली येतो. सासूबाईंच्या पेशी उलट फुगलेल्या आहेत. म्हणजे कमतरता लोहाची दिसत नाही, आणि तीन महिन्यांच्या गोळ्या, बीट, डाळिंब का फुकट गेलं तेही इथेच कळतं. (बिटाचा रंग लाल म्हणून रक्त वाढतं, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसलीय की मी तिच्याशी भांडायचं सोडून दिलंय. खाऊ द्या, भाजी चांगली आहे.)

पेशी अशा मोठ्या होण्याची मुख्य कारणं दोन: बी१२ हे जीवनसत्त्व कमी, नाहीतर फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व कमी (गोळीत ते फोलिक अ‍ॅसिड म्हणून असतं). थायरॉईड, यकृताचा आजार, दारू, काही औषधं यांनीही आकडा वाढतो, म्हणून तपासणी हवीच. पण पायाच्या मुंग्या, गुळगुळीत जीभ, चप्पल निसटणं आणि डोळे मिटल्यावर जाणारा झोक हे सगळं एकत्र वाचल्यावर माझा संशय बी१२ वरच जातो. आपले पाय जमिनीवर कुठे आहेत हे मेंदूला मज्जारज्जूच्या मागच्या बाजूच्या नसा कळवतात. बी१२ नसलं की त्या नसांवरचं वेष्टण झिजतं. डोळे उघडे असले की माणूस बघून सावरतो, मिटले की तोल जातो. पिवळट रंगाचंही तेच. पेशी नीट घडत नाहीत आणि बऱ्याचशा हाडांच्या मगजातच फुटतात. फुटलेल्या पेशींतून निघणाऱ्या रंगद्रव्यामुळे कातडी फिकट पिवळी दिसते. ही नेहमीची कावीळ नव्हे. झाडपाला आजपासून बंद.

आता बी१२ शरीरात जातं कसं ते बघा. ते मिळतं फक्त प्राण्यांच्या अन्नातून: मासे, तिसऱ्या, कालवं, मटण, अंडी, दूध. अन्नात ते प्रथिनाला चिकटलेलं असतं. पोटातलं आम्ल ते सोडवतं. मग जठरातून पाझरणारं एक खास प्रथिन त्याला सोबत घेऊन लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागापर्यंत जातं आणि तिथे ते रक्तात शिरतं. सासूबाईंचं काय झालं? माळ घातल्यावर आवक जवळजवळ थांबली. चहातल्या दोन चमचे दुधाने काही होत नाही. गॅसच्या रोजच्या गोळीने आम्ल कमी केलं, म्हणजे जे थोडं येत होतं तेही अन्नातून सुटेना. आणि आतड्याच्या शेवटी मेटफॉर्मिन बसलेलं, ते शोषण कमी करतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये डॉक्टरांना हेच बजावून सांगितलं, की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ कमी होणं हा नेहमी दिसणारा परिणाम आहे, लक्षणं दिसली की तपासा. यकृतात बी१२ चा साठा काही वर्षांचा असतो, म्हणून माळ घातल्या-घातल्या काही जाणवलं नाही. साठा हळूहळू उपसला गेला. अशा पोटात तुम्ही चिमूटभर सुकट टाकलीत तरी ती बी१२ सोडणार कधी आणि शोषली जाणार कुठे?

मधुमेही माणसाच्या पायाला मुंग्या आल्या की सगळे, डॉक्टरसुद्धा, ‘शुगरमुळे’ म्हणून मोकळे होतात. काही वेळा ते खरंही असतं. पण शुगरने बिघडलेल्या नसा फारशा परत येत नाहीत, बी१२ ने बिघडलेल्या वेळेत पकडल्या तर येतात. म्हणून ही शंका आधी फेडायची.

माझीच एक चूक सांगते, म्हणजे पुढची गोष्ट तुमच्या लक्षात राहील. दवाखाना टाकून तीन-चार वर्षं झाली असतील. देवगडच्या बाजूची एक बाई यायची, बाजारात मासे विकायची, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवायची. रक्त कमी होतं, पेशी मोठ्या होत्या. मी मनाशी म्हटलं, मासळी खाणाऱ्या बाईला बी१२ कसं कमी पडेल, हे फोलेटच. फोलिक अ‍ॅसिड सुरू केलं. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं. मी खूश, ती खूश. चौथ्या महिन्यात ती भिंतीला धरून आत आली. तिच्या जठरातून ते सोबतीचं प्रथिनच पाझरत नव्हतं, शरीर स्वतःच्याच जठराच्या पेशींवर उलटलं होतं. तिने कितीही बांगडे खाल्ले असते तरी बी१२ तिच्या अंगी लागलं नसतं. इंजेक्शनांनी ती पुष्कळ सुधारली, पण काठी कायमची हातात राहिली.

फोलिक अ‍ॅसिडची गंमत अशी की ते बी१२ कमी असलेल्या माणसाचं रक्त काही काळ भरून काढतं आणि नसांचा ऱ्हास मात्र तसाच चालू ठेवतं. रिपोर्ट सुधारतो, माणूस खचतो. गंमत म्हणजे या फोलेटचा शोध आपल्या मुंबईतच लागायला सुरुवात झाली. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा, म्हणजे रक्त कमी असण्याचा, अभ्यास करू लागल्या. यीस्टचा अर्क दिल्यावर बायकांचं रक्त भरतं हे त्यांना दिसलं. त्या अर्कात काय आहे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं. बी१२ त्यानंतर, १९४८ मध्ये हाती लागलं. दोन्ही नावं जोडीने घेतली जातात म्हणून लोकांना ते एकच वाटतं. ते एक नाही. आणि ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून सरकारी केंद्रातून मिळते तिच्यात लोहाबरोबर फोलिक अ‍ॅसिडही असतं, बी१२ नसतं. सासूबाईंना तीन महिने दिलेली गोळी कोणती ते पाकिटावर वाचा आणि पाकीट डॉक्टरांना दाखवा.

काय करायचं ते आता सांगते. उद्या-परवा त्यांना घेऊन मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात नाहीतर तुमच्या नेहमीच्या एम.डी. डॉक्टरांकडे जा. बांबोळीची गाडी आत्ताच करायची गरज नाही. बी१२, फोलेट, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉईड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि काचेवर पसरून बघायचा रक्ताचा थेंब, एवढं एका सुईत होतं. पहिलं बी१२ चं इंजेक्शन देण्याआधी हा नमुना गेला पाहिजे, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. मात्र नमुना दिल्यावर रिपोर्टची वाट बघत आठ दिवस घालवू नका. पायाची लक्षणं असताना त्याच दिवशी उपचार सुरू करतात, तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बी१२ चा आकडा २०० च्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या मधला असेल तर संशयाचा फायदा रोग्याला द्यायचा.

बसल्याजागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल, पाय सुजले असतील, भोवळ येऊन पडल्या असतील किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर मात्र थांबू नका. १०८ ला फोन करा आणि ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या. ७.४ हे काही लहान प्रकरण नाही. पण शरीर हळूहळू त्याला सरावलेलं असतं, म्हणून ‘रक्त चढवा’ असा हट्ट धरू नका. वय झालेल्या हृदयावर घाईने चढवलेल्या बाटलीचा भार पडतो. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

उपचाराची रीत साधारण अशी: १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत, पहिले दोन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. नसांचं दुखणं असलं तर सुरुवातीचा काळ लांबवतात. सायनो, मिथाइल की हायड्रॉक्सो यावर दुकानात वाद घालू नका, तिन्ही कोबालामिनच, डॉक्टर देतील ते घ्या. फक्त एक बघा: कितीतरी ‘न्यूरो’ नावाच्या गोळ्या-इंजेक्शनांत बी६ भरपूर असतं, आणि बी६ महिनोन्महिने जास्त घेतलं तर तेच नसा बिघडवतं. शक्य तो नुसतं बी१२ मागा. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत नव्या पेशी भराभर तयार होतात आणि रक्तातलं पोटॅशियम खाली येऊ शकतं. इतकं कमी रक्त असताना डॉक्टर ते एकदा तपासतील. नाही तपासलं तर आठवण करा.

पहिला फरक तुम्हाला जेवणात दिसेल. चार-पाच दिवसांत भूक लागते, जीभ निवते, चेहऱ्यावर तरतरी येते. आठवड्याभरात नव्या पेशींचा आकडा चढतो, हिमोग्लोबिन दीड-दोन महिन्यांत जागेवर यायला हवं. मध्येच अडलं तर दुसरं काही आहे. बहुतेक वेळा लोह, कारण नवं रक्त घडवताना साठ्यातलं लोह झपाट्याने खर्च होतं. तेव्हा लोहाच्या गोळीचा खरा उपयोग होईल. पायांचं मात्र वेगळं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुंग्या वाढल्यासारख्या वाटू शकतात. ‘इंजेक्शनाने उलट बाधलं’ म्हणून ते थांबवू नका. नसा सावरायला सहा महिने, कधी वर्ष लागतं. गणपतीला त्यांच्या हातून मोदकाच्या पाकळ्या नीट पडतीलच असं मी सांगणार नाही. पुढच्या वर्षी पडतील, अशी आशा जरूर आहे.

तोवर त्यांना पडू देऊ नका, औषधाइतकंच हे महत्त्वाचं. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ किती लवकर धरतं ते तुम्ही जाणताच. पायरी आणि न्हाणीघर घासून कोरडं ठेवा. मागे पट्टा असलेली चप्पल आणा. तोंड त्यांनी स्टुलावर बसून धुवायचं. रात्री पडवीत बारीक दिवा. विहिरीवर, परसात एकट्याने जायचं नाही. पायाला संवेदना नसते तेव्हा काटा रुतलेलाही कळत नाही, शिवाय शुगर आहे, म्हणून रोज संध्याकाळी दोन्ही तळवे तुम्ही स्वतः बघा.

मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका. औषध चांगलं आहे, फक्त सोबत बी१२ हवं. गॅसची गोळी मात्र खरंच लागते का ते डॉक्टरांना विचारा. चार वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी आजतागायत चालू असल्याचं मी शेकडो घरांत पाहिलंय. ती एकदम तोडली तर आम्ल उसळतं, टप्प्याने कमी करावी लागते. आणखी एक: अशा पंडुरोगात तांबड्या पेशी जास्त जुन्या होऊन फिरत राहतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी शुगर असते त्याहून जास्त दिसते. उपचारानंतर ती खाली आलेली दिसेल. आत्ताच्या आकड्यावरून शुगरच्या गोळ्या वाढवायची घाई नको.

आता सासूबाईंशी कसं बोलायचं. त्यांची खरी भीती इंजेक्शनात ‘काहीतरी असेल’ ही असणार, म्हणून त्या वयाच्या आड दडतात. त्यांना सरळ सांगा: हे बी१२ कारखान्यात जिवाणूंकडून करवून घेतात, टाकीत आंबवून. त्यात मासा नाही, मटण नाही. माशालासुद्धा ते जिवाणूंकडूनच मिळतं, मासा ते बनवत नाही. पुढे इंजेक्शनांऐवजी रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालू शकते. त्यातला शंभरातला एक भाग सोबतीच्या प्रथिनाशिवायही आत जातो, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, आणि गरज दिवसाला दोन-अडीचची. कॅप्सूलचं वेष्टण जिलेटिनचं, प्राण्यापासूनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागा. माळेला धक्का लागत नाही. पण हे जन्मभराचं आहे, हिमोग्लोबिन बारा झालं की सोडून द्यायचं नाही, हेही त्याच वेळी सांगून टाका.

दूध-दही त्या घेतात तर वाढवा. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. अळू, चवळीची पानं, कुळथाची पिठी जरूर द्या, फोलेट आणि लोह मिळेल. त्यात बी१२ नाही. आंबोळीचं पीठ आंबतं म्हणून त्यात बी१२ तयार होतं असं फोनवर फिरतं, त्यावर विसंबू नका.

गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. दिरांना सांगा, नारळ ठेवा, पण रक्ताचा नमुना दिल्यावर. आणि गाडी त्यांनीच काढावी, म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल.

शेवटी जावेबद्दल. तुम्ही ते कामाच्या ओझ्यापायी ओझरतं लिहिलंत, मी त्याच ओळीवर थांबले. त्याही मासे खात नसतील, किंवा गरोदरपणात वासाने सोडले असतील, तर त्याच फेरीत त्यांचंही बी१२ तपासा. पोटातल्या बाळाला साठा आईकडूनच मिळतो, आणि आईकडे नसेल तर तिच्या दुधातही नसतं. अशी बाळं जन्मतः ठीक दिसतात. मग सहा-आठ महिन्यांची झाल्यावर हसणं थांबवतात, धरलेली मान सोडतात, हातपाय थरथरू लागतात. गरोदरपणात बी१२ ची गोळी चालते, त्यांच्या डॉक्टरांना विचारून लगेच सुरू करता येईल. दोघींचे रिपोर्ट आले की मला पाठवा. या वेळी फोटो पूर्ण पानाचा काढा, खालचे आकडे कापले जातात.